ढगांच्या गप्पा

२० ऑक्टोबर २०२५. नरकचतुर्दशीची दुपार. पहाटेची अभ्यंगस्नानं आटोपली होती, फराळ झाला होता आणि कोथरूडच्या त्या घरातली मंडळी जरा आडवी होण्याच्या बेतात होती. तेवढ्यात सूनबाईचा फोन वाजला. मग पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला.

‘‘काय गं, ऑफिसचा? आज सणाचासुद्धा?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘नाही आई, आमचं काही पडलेलं नाही. व्हर्जिनिया पडलंय!’’ असं म्हणून ती हातात चकली घेऊन बाल्कनीत गेली आणि मित्रमंडळींशी बोलू लागली.

सासऱ्यांनी दिवाळी अंकातून डोकं वर काढलं. व्हर्जिनिया हे अमेरिकेतलं राज्य, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण अख्खं राज्य पडतं कसं आणि त्यावर एवढा वेळ गप्पा काय मारायच्या, हे त्यांना कळेना. बँकेत चौतीस वर्षं नोकरी केलेला हा माणूस. कामाच्या वेळी काम, हा त्यांचा खाक्या. सुनेच्या या गप्पा त्यांना मनातून खटकत. रोज चार वाजले की चहाचा कप घ्यायचा, कानाला ते यंत्र लावायचं आणि अर्धा तास बडबड. ऑफिसला जायचं असलं तर हिंजवडीच्या टपरीवर तीच बडबड. याचेही पगार मिळतात म्हणायचे!

त्या दिवशी मात्र त्यांनी विचारलंच आणि सुनेनं समजावून सांगितलं. पूर्वी प्रत्येक मोठी कंपनी आपले संगणक आपल्याच खोलीत ठेवायची. त्यांना थंड ठेवा, राखा, बिघडले की माणूस बोलवा. २००६ साली अ‍ॅमेझॉननं माहिती साठवायची जागा आणि संगणकाची ताकद भाड्यानं द्यायला सुरुवात केली. हळूहळू सगळ्यांना ते सोयीचं वाटू लागलं. आज मोठ्या कंपन्यांचे पगार, रजेचे अर्ज, गोदामातला माल, गिऱ्हाइकांची बिलं, हा सगळा प्रपंच अशा भाड्याच्या संगणकांवर चालतो. त्यालाच म्हणायचं क्लाउड.

‘‘म्हणजे ढग-बिग काही नाही. लॉकर आहे,’’ सासरे म्हणाले.

‘‘अगदी तसंच बाबा. इमारती पक्क्या, पहारा कडक. २०१६ पासून अ‍ॅमेझॉनची अशी सोय मुंबईतही आहे. पण उत्तर व्हर्जिनियातलं ठाणं सगळ्यांत जुनं आणि फार मोठं. आज तिथल्या एका महत्त्वाच्या सेवेचा पत्ताच पुसला गेला. आपोआप पत्ते लिहिणाऱ्या व्यवस्थेतच चूक झाली. गोदाम जागेवर, माल जागेवर, पण दारावरची पाटी कोरी. मग जगभरातली कितीतरी अ‍ॅप अडकली.’’

‘‘आणि तुम्ही त्यावर हसताय?’’

‘‘हसत नाही हो बाबा. आज त्यांची पाळी, उद्या आमची. म्हणून तर सगळे लक्ष देऊन ऐकतात.’’

त्या दिवसापासून सासऱ्यांचा एक कान चार वाजताच्या गप्पांकडे लागला. खूपसं डोक्यावरून जायचं. ब्रॉडकॉमनं २०२३ साली व्हीएमवेअर ही कंपनी घेतली आणि कायमचे परवाने विकणंच बंद केलं, यावर एकजण तावातावानं बोलायचा. हे म्हणजे घर विकत मिळणार नाही, भाड्यानंच राहा, असं झालं, हे सासऱ्यांना लगेच पटलं. एआय आता प्रोग्रॅम लिहू लागलाय, मग आपलं काय, हा विषय दर दोन दिवसांनी निघायचा. १९ जुलै २०२४ ची आठवणही निघाली. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते आणि आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यावे लागले होते. ‘‘पेन कामाला आलं म्हणायचं!’’ सासरे आतून म्हणाले आणि फोनवरची पोरं खळखळून हसली.

पण त्यांच्या मनात घर केलं ते एका वेगळ्याच गोष्टीनं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरापर्यंत काम करणारा एक इंजिनिअर एका बिघाडाशी झुंजत होता. दोन संगणक होते. एक मुख्य, एक राखीव. राखीव संगणकावरची माहिती पुसायची म्हणून त्यानं आज्ञा दिली आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं, आपण मुख्य संगणकावर आहोत. सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले. राखीव प्रती घ्यायच्या पाच पद्धती होत्या, पण त्यांतली एकही धड चालत नव्हती. त्यानंच सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी सहज काढून ठेवलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावलं. त्या सहा तासांतलं काम मात्र गेलं ते गेलंच.

‘‘मग काढला असेल त्याला?’’

‘‘नाही. कंपनीनं सगळी हकीकत जगापुढे ठेवली. दुरुस्तीचं काम चालू असतानाच लोकांना थेट दाखवलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत अ‍ॅमेझॉनमध्येही कुणीतरी आज्ञा चुकीची टाइप केली आणि अर्धं इंटरनेट चार तास अडलं. त्यांनीही तसं लिहून जाहीर केलं. मग ती आज्ञा चालवणारं साधनच असं बदललं, की एकदम एवढं नुकसान करताच येऊ नये.’’

सासरे त्यावर काही बोलले नाहीत. उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत राहिले.

दिवाळी होऊन महिनाही झाला नसेल. रात्री दहाची वेळ. मुलगा कामासाठी परगावी गेलेला. सून जेवणाच्या टेबलाशी बसून काम करत होती. एकाएकी टकटक थांबली. सासरे पाणी प्यायला आले, तर ती पडद्याकडे नुसती बघत बसलेली. चेहरा पांढराफटक.

‘‘काय झालं गं?’’

‘‘बाबा, चाचणीची माहिती पुसायची होती. खिडकी चुकली. खऱ्या ऑर्डरी पुसल्या गेल्या. आज दिवसभराच्या.’’

क्षणभर तिच्या मनात आलं असेलच, की कुणी पाहिलेलं नाही. रात्र आपलीच आहे. गुपचूप जुळवून ठेवलं, तर सकाळी कुणाला काय कळणार? तिनं डोळे मिटले, उघडले आणि कामाच्या ग्रुपवर लिहिलं, ‘माझ्या हातून चूक झाली आहे. ९ वाजून ५२ मिनिटांनी मी ही आज्ञा चालवली. मदत हवी आहे.’

पाच मिनिटांत तिघेजण हजर झाले. तेच, चार वाजताच्या गप्पांतले. त्यातल्या एकानं पहिलं काम केलं. अकरा वाजता ऑर्डरींची यादी आपोआप गोदामांकडे जाणार होती, ती थांबवली. ती रिकामी यादी गेली असती तर सकाळी माल निघालाच नसता. मग राखीव प्रत काढून एकेक ऑर्डर ताडून पाहत पहाटे अडीचला सगळं जागेवर आलं. दुसऱ्या दिवशी बैठक झाली. तीत ‘कुणी केलं’ हे कुणी विचारलं नाही, ‘असं होऊ कसं शकलं’ हे विचारलं. खऱ्या माहितीच्या खिडकीला लाल रंग आला आणि पुसण्याची आज्ञा यापुढे दोघांच्या संमतीशिवाय चालायची नाही, असं ठरलं.

पण त्या पहाटे काम संपल्यावर सासऱ्यांनी स्वतः चहा टाकला. कप सुनेपुढे ठेवला आणि समोर बसले.

‘‘तू मिनिटांत सांगितलंस. मला आठ दिवस लागले होते.’’

१९८४ सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातली छोटी शाखा, हातानं लिहायची लेजरं. एका विधवा बाईंचा बाराशे रुपयांचा चेक त्यांनी त्याच आडनावाच्या दुसऱ्या खातेदाराच्या पानावर जमा केला. दुसऱ्या दिवशी चूक लक्षात आली. पण साहेब कडक, नोकरी नवी. जीभ रेटेना. बाई तीनदा येऊन गेल्या. ‘‘पैसे जमा झाले का हो?’’ आणि तिन्ही वेळा त्यांनी खाली मान घालून सांगितलं, ‘‘चेक अजून वटला नाही.’’ आठ दिवसांनी ताळा करताना अकाउंटंटच्या लक्षात आलं. तोवर त्या दुसऱ्या माणसानं पैसे काढलेही होते.

‘‘पैसे पुढे वसूल झाले. मला एक समजपत्र मिळालं. चुकीचं काही वाटत नाही मला, चूक कुणाचीही होते. पण मुलीच्या फीसाठी ती बाई तीन हेलपाटे घालत होती आणि मला ठाऊक असून मी खोटं बोललो. तुझ्या आईलाही हे कधी सांगितलं नाही.’’

सुनेनं ‘जाऊ द्या हो बाबा’ असं म्हटलं नाही. तिनं विचारलं, ‘‘तेव्हा तुमच्या शाखेत कुणी आपली चूक सांगायचं का?’’

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. ‘‘नाही गं. चहा रोज घ्यायचो आम्ही. क्रिकेट, बदल्या, महागाईभत्ता, सगळं बोलायचो. हे नाही.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या निवडत असलेली मेथी तशीच बाजूला ठेवून ऐकत राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, ‘‘अहो, तेव्हाच सांगायचं होतंत. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?’’

आताही त्या घरात चार वाजता सुनेच्या गप्पा चालू होतात. फरक इतकाच, की सासरे आपला कप घेऊन शेजारी येऊन बसतात आणि फोनवरच्या मंडळींना विचारतात, ‘‘काय, आज कुणाचं काय पडलं?’’