दुपारचा रानकोंबडा

जबलपूरच्या मराठी घरांत शिकारीच्या गोष्टी निघाल्या की त्या बहुतेक वाघाच्या असतात, आणि तो वाघ बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी मारलेला असतो. आमच्या घरात वाघ नव्हता. आजोबा तोफगाड्यांच्या कारखान्यात होते. 1904 साली उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याला गावात सगळे जीसीएफ म्हणतात. आजोबांकडे एकनळी बंदूक होती, तिचा परवाना होता, आणि वर्षातून चार-पाचदा सुटीच्या दिवशी ते मंडला रस्त्याने बरेलाच्या पुढे, बिजाडांडीच्या अंगाला जात. जात ते रानकोंबड्यासाठी, तेही चैत्र-वैशाखात, भर दुपारी.

जाणत्या शिकाऱ्याला हे ऐकून हसू येईल. रानकोंबडा पहाटेचा आणि दिवस कलतानाचा पक्षी. ऊन चढलं की तो जाळीत शिरतो, धुळीत अंग घुसळतो आणि गप्प बसतो. पण मार्च ते मे हे त्याच्या विणीचे दिवस. जमिनीवरच्या एखाद्या खळग्यात कोंबडी पाच-सहा अंडी घालते आणि तीनेक आठवडे एकटीच उबवते. कोंबड्याचा त्यात काहीच वाटा नसतो. आजोबांचा हिशेब असा, की सकाळी तो आपल्या माद्यांमध्ये असतो, त्याला जागचं हलायची गरज नसते. दुपारी माद्या अंड्यांवर गेल्या की तो मोकळा आणि चिडका होतो. अशा वेळी हद्दीत दुसरा कोंबडा आल्याची शंका आली, तर तो उन्हाची पर्वा न करता चालत येतो.

ही शंका निर्माण करण्याचं काम आजोबांचं नव्हे. ते करायचे त्यांच्याबरोबर येणारे एक गोंड गृहस्थ. आम्ही मुलं त्यांना दादा म्हणायचो, ते आजोबांना बाबूजी म्हणायचे. आरवण्यापूर्वी कोंबडा पंख जोरात फडफडवतो. दादा तेवढाच आवाज काढत. मांडीवर तळहाताच्या चार-पाच थापा, पहिल्या सावकाश, शेवटच्या घाईच्या. मग बराच वेळ काही नाही. दहा-अकरा वर्षांचा असताना मी दोनदा त्यांच्याबरोबर गेलो. गोळीपेक्षा मला आठवते ती थापांनंतरची शांतता, आणि तिच्यात वाळक्या पानांवरून पुढे येणारी पावलं. दोन पावलं, थांबणं, पुन्हा तीन पावलं. दादा डोळे मिटून ऐकत. एकदा त्यांनी आजोबांच्या नळीवर हात ठेवून ती खाली केली होती. पुढे आलेली कोंबडी होती. ती अजून दिसलीही नव्हती, पण तिचं पाऊल हलकं पडतं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

हा भाग कोंबड्यांच्या दृष्टीनेही सीमेवरचा आहे. आपण महाराष्ट्रात पाहतो तो करडा रानकोंबडा. मंडल्याकडे जावं तसा साल वाढत जातो आणि त्याबरोबर तांबडा रानकोंबडा येतो. उन्हाळ्यात साग उघडा पडतो, तर सालाला जुनी पानं गळता गळताच नवी फुटतात. त्यामुळे एप्रिलच्या दुपारीही सालाखाली सावली असते. साल, बारशिंगा आणि तांबडा कोंबडा यांची संगत जेम्स फोर्सिथ यांना दिसली होती. त्यांच्या 1871 सालच्या मध्य भारतावरच्या पुस्तकात पचमढीजवळच्या एका सुट्या सालवनाचं वर्णन आहे. चहूबाजूंनी वेगळं जंगल, आणि मध्येच साल, त्यात बारशिंगे आणि तांबडे कोंबडे. जगभरची पाळीव कोंबडी मुख्यतः या तांबड्याची संतती. तिचे पिवळे पाय मात्र करड्याकडून आलेले आहेत, हे अलीकडे तिच्या जनुकांवरून कळलं. दोघांच्या हद्दीवर राहणाऱ्या आम्हा मराठी-हिंदी लोकांना यात थोडं आपलंही नातं दिसतं.

आजोबांची आठवण अशी तपशिलाने वर आली ती माझ्या भाच्यामुळे. तो अमेरिकेत मिसुरी राज्यात असतो आणि वसंतात रानटी टर्कीच्या शिकारीला जातो. तिकडेही वसंतात फक्त नर मारायची मुभा असते, कारण मीलन उरकलेलं असतं आणि अंडी-पिल्लांचं सगळं मादी बघते. तिकडेही सगळे पहाटेच धावतात, आणि काही राज्यांत दुपारनंतर शिकारीला मनाईच असते. पण दुपारची शिकार जिथे चालते तिथे जुने लोक सांगतात, की माद्या घरट्याकडे गेल्या की एकटा नर हाकेला येतो. फरक हाकेचा. तिकडचा शिकारी लाकडी डबीवर मादीचा आवाज काढतो, दादा प्रतिस्पर्ध्याचा काढायचे. तिकडचा नर सोबतीच्या आशेने येतो, इकडचा रागाने.

टर्की आपल्याला अगदीच परका नाही. 1612 साली गोव्याहून जहांगीर बादशहाकडे एक नर आला होता आणि उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं. पण त्याच्या मायदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो कित्येक राज्यांतून नाहीसा झाला होता. पुढे 1937 च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला. तोफेसारख्या नळ्यांतून जाळी उडवून टर्की पकडले, रिकाम्या रानांत सोडले, आणि आज ते लाखांनी आहेत. भाचा म्हणतो, "मामा, शिकाऱ्यांनीच पक्षी परत आणला. तुम्ही लोकांनी नुसती बंदी घातली."

त्याचं पहिलं वाक्य तिथल्यापुरतं खरं आहे. दुसऱ्याला उत्तर देताना मला आजोबांविषयी एक गोष्ट सरळ म्हणावी लागते. विणीच्या काळात पक्षी मारू नयेत, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. बंदीचा काळ ठरवण्याचा अधिकार 1912 च्या कायद्यानेच प्रांतिक सरकारांना दिला होता. नर तेवढा मारला तर चालतं, ही सवलत मात्र आजोबांसारख्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली होती. अमेरिकेत तिच्यामागे मोजणी होती, संख्या ठरलेली होती, तपासणारा माणूस होता. आमच्याकडे होता फक्त दादांचा कान. कोंबडी वाचायची ती त्यांच्यामुळे. बंदूकवाल्याचा संयम म्हणून घरात जे सांगितलं जाई, ते मुळात त्यांचं ज्ञान होतं.

1972 चा वन्यजीव कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली शिकारही बंद झाली. दोन्ही गोष्टी योग्य झाल्या असं मी मानतो. पण दोन्हींची किंमत सारखी वाटली गेली नाही. आजोबांनी बंदूक जमा केली, पावती घेतली, आणि उरलेलं आयुष्य गोष्टी सांगत काढलं. त्या गोष्टींना मान होता. दादांना जमा करण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांचं सगळं कानात आणि तळहातात. ज्या कौशल्यासाठी बाबूजी लोक त्यांना घ्यायला येत, तेच आता त्यांच्याकडे संशयाने पाहायला पुरेसं झालं. पुढे 1990 मध्ये बरगीचं धरण पूर्ण झालं. नर्मदेच्या त्या पाण्याखाली जबलपूर, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांतली दीडशेहून अधिक गावं गेली. दादांचं गाव त्यांत होतं.

त्यानंतर एकदा ते आमच्याकडे आले होते. आजोबा तेव्हा नव्हते. माझ्या मुलीला कोंबड्याची गोष्ट ठाऊक होती. तिने हट्ट धरला, "दादाजी, ती थाप वाजवून दाखवा ना." त्यांनी पायजमा सारखा केला, तळहात उचलला, आणि एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग हात मांडीवर नुसता ठेवला. "अब नहीं, बेटा," म्हणाले, आणि चहा मागितला.

भाच्याला मी हे लिहून पाठवलं. तुमच्याकडे पक्षी परत आणताना शिकाऱ्याला भागीदार केलं, एवढं त्यातून घ्यावं, असं त्याचं उत्तर आलं. मला ते पटतं, पण आमच्याकडचा शिकारी कोण, हे आधी ठरवायला हवं. बंदूक आजोबांची होती. पाऊल नराचं की मादीचं हे न पाहता सांगणारा माणूस वेगळा होता. आज जंगलात पक्षी मोजायला, घरटी राखायला अशाच कानांची गरज आहे. काही तरुण गोंड आणि बैगा मुलं कान्हामध्ये गाइडचं काम करतात, त्यांच्याबरोबर मी फिरलो आहे. रस्त्याच्या कडेला कोंबडा दिसला तर बहुतेक पर्यटक जीप थांबवू देत नाहीत. त्यांना वाघ हवा असतो. मी थांबवायला सांगतो, इंजिन बंद करायला सांगतो, आणि त्या मुलाला विचारतो, की हे पाऊल कुणाचं? काहींना अजून सांगता येतं.