आकडा आणि अब्बांचा तळहात

मागच्या बकरी ईदला अहेरीचा भाचा आमच्याकडे बल्लारपूरला आला, तो डोक्यात एक आकडा घेऊनच: 3,000. त्याने जुनी सीजे-3बी जीप घेऊन तिच्यात स्क्रॅपमधलं पेट्रोल इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवलाय. आता टॉर्क कन्व्हर्टर बदलायचा होता. अमेरिकेत हलक्या हॉट रॉड गाड्यांना 3,000 आरपीएम स्टॉलचा कन्व्हर्टर लावतात आणि गाडी गोळीसारखी सुटते, हे त्याने व्हिडिओत पाहिलं होतं. खर्च चाळीस हजार.

"नानांना विचार," मी म्हणालो.

"नाना डंपरवाले आहेत, मामू," तो हसला.

अब्बांची तीस वर्षं चंद्रपूरजवळच्या एका खुल्या कोळसा खाणीत डंपर दुरुस्त करण्यात गेली. पण 60 टनी डंपरमध्येही टॉर्क कन्व्हर्टरच असतो, हे भाच्याच्या गावी नव्हतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेल असतं. इंजिनकडचा पंखा तेल फेकतो, त्या जोरावर गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून पूर्ण रेस दिली की आरपीएम एका जागी येऊन थांबतं. तो स्टॉल स्पीड.

अब्बांना ऐकू कमी येतं. भाच्याने कागदावर आकडा लिहून दाखवला. त्यांनी उलट विचारलं, "गाडी का वजन कित्ता है, पहले वो बता."

हजार-अकराशे किलो.

"कॅम बदला है क्या?" नाही, इंजिन कंपनीतून आलं तसंच. "चलाएगा किधर?" अहेरी, आलापल्ली, भामरागड.

मग त्यांनी समजावलं. खोक्यावरचा आकडा एका ठरावीक इंजिनासाठी असतो. तोच कन्व्हर्टर कमी ताकदीच्या इंजिनामागे लावला तर स्टॉल खाली येतो. जास्त स्टॉल हवा असतो तो वरच्या आरपीएमलाच ओढणाऱ्या, कॅम बदललेल्या इंजिनाला. याचं इंजिन दोन हजारांच्या आसपासच चांगलं ओढतं. जीप हलकी, शिवाय तिचा क्राऊन-पिनियन 5.38 चा, म्हणजे उठायला ताकद आधीच भरपूर. आणि मुख्य गोष्ट तेलाची. पंखे एकमेकांच्या मागे घसरतात, त्या घसरणीची उष्णता होते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येतो, रस्ते चिखलाचे होतात. तिथे जीप पहिल्या गिअरमध्ये तासभर कुथत चालली, तर मोठ्या स्टॉलचा कन्व्हर्टर तेल उकळवणार. तेल जळलं की गिअरबॉक्सच्या क्लचप्लेटा गेल्या, तेही जंगलात.

संध्याकाळी अंगणातच चाचणी झाली. चाकांना सागाचे ओंडके लावले, पोरांना मागे घेतलं. भाच्याने डावा पाय ब्रेकवर दाबला, डी टाकला आणि रेस दिली. अब्बांनी तळहात बॉनेटवर ठेवला. कान गेले तरी हाताला इंजिन कळतं. ते मोठ्याने मोजत होते: एक, दो, तीन, चार, बस! पाच सेकंदांच्या वर नाही, हा त्यांचा खाणीतला नियम. काटा 2,200 ला थांबला होता. लगेच न्यूट्रल करून तेल थंड होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं.

"ठीक है," अब्बा म्हणाले. काटा फार खाली थांबला असता तर इंजिन कमजोर, फार वर गेला असता तर गिअरबॉक्समध्ये प्लेटा घसरताहेत. दोन्ही नाही. कन्व्हर्टर आहे तोच ठेव, त्या पैशांतून चांगला ऑइल कूलर बसव आणि उरलेले ब्रेकवर लाव. इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत झाली का, हेही त्यांनी विचारलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली ती लागतेच. भाचा खाली बघू लागला.

अब्बा निवृत्त झाल्यापासून घरात कुणी त्यांना कामाचं काही विचारलं नव्हतं. मीही नाही, मोबाईलला विचारायची सवय मलाही लागलीय. त्या आकड्यात चूक नव्हती. तो दुसऱ्या गाडीचा, दुसऱ्या रस्त्याचा होता, इतकंच.

परवा भाच्याचा फोन आला. "मामू, नानांना द्या." त्यांना ऐकू येत नाही म्हणालो. "मग विचारून सांगा, कूलर रेडिएटरच्या पुढे लावू की बाजूला?"

अब्बा चष्मा शोधायला उठले. कागद-पेन मागितलं.