पाणी कढत, आकडा गार

२०१४ साली पाल येथे सुरत महानगरपालिकेचे जगदीशचंद्र बोस मत्स्यालय उघडले. ते पाहून आल्यापासून आमच्या अडाजणच्या घरीही काचेच्या पेटीत एंजल मासे नांदू लागले. सुरतेची थंडी चार दिवसांची पाहुणी. पण तेवढ्यातही हे मासे गारठतात. त्यांचे पाणी साधारण २६ अंश सेल्सिअसवर राखावे लागते. चिरंजीवांनी त्यासाठी आर्डुइनोची छोटीशी यंत्रणा रचली. पाण्यात सोडलेल्या डीएस१८बी२० या संवेदकाने तपमान सांगावे आणि त्यावरून आज्ञावलीने तापकांडी चालू-बंद करावी, अशी योजना होती. आम्ही निश्चिंत झालो, आणि तेथेच चुकलो.

गेल्या जानेवारीत एका पहाटे सौभाग्यवतींनी हाक मारली, "अहो, जरा इकडे या. पेटीची काच केवढी तापली आहे पाहा!" पाणी चांगलेच कढत झाले होते. पडद्यावर मात्र आकडा होता उणे १२७! एक मासा उताणा तरंगत होता. बाकीचे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकीत होते. आम्ही घाईने कांडीचा खटका बंद केला, हवेचा पंप वाढवला आणि पाणी हळूहळू निवू दिले. उरलेले वाचले.

मग आम्ही पितापुत्र कारण शोधीत बसलो. हा संवेदक शून्याखाली ५५ अंशांपलीकडे मोजूच शकत नाही. मग उणे १२७ आले कोठून? चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे तपमान नव्हेच. संवेदकाकडून उत्तर आले नाही, की आज्ञावली हा आकडा दाखवते." तारेचा एक सांधा ओलाव्याने गंजून सुटला होता. संवेदक मुका झाला आणि यंत्रणेने त्याच्या मौनालाच कडाक्याची थंडी समजून रात्रभर पाणी तापवले.

सांधा जोडल्यावर मधूनच ८५ अंश दिसू लागले. तेही खोटेच. वीज मिळताच संवेदकात हा आकडा आपोआप भरलेला असतो. खरी मोजणी पुरी होण्यास सुमारे पाऊण सेकंद लागतो; आम्ही त्याआधीच उत्तर मागत होतो. थोडे थांबून विचारताच आकडा ताळ्यावर आला.

आता आज्ञावलीत नवा नियम आहे. १५ ते ४० अंशांबाहेरचा आकडा आला, तर तो मानायचा नाही. कांडी बंद करून घंटा वाजवायची. सुरतेत पाणी निवायला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस जागा होतो. 'ठाऊक नाही' असे म्हणण्याची सोय आम्ही यंत्राला दिलीच नव्हती. त्याची किंमत एका मुक्या जिवाने मोजली.

आता यंत्रणा चोख चालते. तरीही पेटीत काचेचा साधा तपमापक लटकवला आहे, आणि सौभाग्यवती रोज सकाळी चहाचे आधण ठेवण्यापूर्वी खटका बंद करून पाण्यात बोटे बुडवून पाहतात. त्यांना 'कशाला' म्हणून विचारण्याचे धाडस आम्हाला होत नाही.