गिरणगावची खाणावळ

परळ-लालबागच्या उपाहारगृहात मालवणी थाळी समोर येते, तेव्हा तिच्यामागची उधारी सहसा कुणाला आठवत नाही. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार चाळीतल्या एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. गावची चव मुंबईत टिकली ती अशा खाणावळींत. पैसे हाती येत ते पगारानंतर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांवरच तिची चूल पेटे. वीस-वीस माणसांना जेवू घालणारी ही बाई बँकेच्या लेखी मात्र निव्वळ गृहिणी! १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा स्त्रियांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचले. पुढे १९८२ च्या संपात पगार थांबले. गावी परतलेल्या कामगारांबरोबर कित्येक खाणावळींचे येणेही बुडाले.