वर्खाची कड

उजवा डोळा झाकला की नरसिंहाचे डोळे हिरवट दिसतात. डावा झाकला की तेच डोळे पुन्हा सोन्याचे.

सुरगाण्यातल्या एक निवृत्त चित्रकला शिक्षिका यंदा उन्हाळाभर हेच करत बसल्या होत्या. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, उजव्याचं व्हायचं होतं. मोतीबिंदू नजरेपुढे पिवळा पडदा धरतो आणि तो इतक्या सावकाश उतरतो की पिवळेपणा जाणवतच नाही. नव्या डोळ्याने त्यांनी ट्रंकेतले दहा-बारा वर्षांचे लिनोचे छाप बाहेर काढले. बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवातली सोंगं: गणपती, शारदा, नरसिंह. प्रत्येकात कुठे ना कुठे वर्ख आणि प्रत्येक वर्खाची कड काळवंडलेली.

वर्ख सोन्याचा नव्हताच, पितळी होता. तांब्या-जस्ताचं हे पान दमट हवेत काळं-हिरवं पडतं. वरून वॉर्निशचा हात द्यावा लागतो. बाईंना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. वॉर्निशने झळाळी मंदावते, म्हणून त्यांनी ते मारलं नाही. ‘घरी आलेल्या माणसाने दारातूनच “अरे वा” म्हणावं, एवढीच हाव होती,’ असं त्या आता सरळ सांगतात. तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे शिकायला येणारी नववीतली मुलगी म्हणाली होती, ‘बाई, कडेला गंजल्यासारखं दिसतंय.’ बाईंनी तिला खिडकीशी उभं केलं आणि पुन्हा नीट बघायला सांगितलं. मुलीने पुन्हा पाहिलं आणि गप्प राहिली. ते गप्प राहणं बाईंना आज जास्त टोचतं.

कड हे त्यांचं जुनंच दुखणं. कोरणीने कापलेली लिनोची रेघ सुरीसारखी धारदार येते; वर्खाला तशी धार नसते. डोळ्यांपुरता वेगळा छोटा ठसा कोरायचा, त्यावर रोलरने गोंद फिरवायचा, कागदावर दाबायचा, वर पान टेकवायचं आणि उरलेलं मऊ ब्रशने झटकायचं. सांगायला सोपं आहे. पण दाबताना गोंद केसभर बाहेर सरकतो आणि सोनं रेघ ओलांडतं. गोंद कमी घेतला तर मध्ये भोकं पडतात. दुधाळ गोंद पारदर्शक झाला की पान टेकवायचं. बोटाच्या पेराची पाठ लावून उचलली की बारीक ‘टक्’ ऐकू यायला हवा. आषाढात सुरगाण्याच्या पावसात तो ‘टक्’ येतच नाही. कागद ओल धरून फुगतो आणि वैशाखात कोरलेला दुसरा ठसा पहिल्यावर बसेनासा होतो. काळी शाई आठवडाभर ओलसर राहते. तिच्यावर सोनं चिकटू नये म्हणून शंखजिरं भुरभुरावं, तर काळा रंग राखेसारखा होतो.

मग त्यांनी क्रम उलटा केला. आधी सोनं, वरून काळा ठसा. म्हणजे वेडीवाकडी कड काळ्या रेघेखाली झाकली जाईल. झाकली गेलीही. पण कागद शाई पितो, धातू पीत नाही. वर नुसती बसलेली शाई महिन्याभराने नख लागताच सुटून आली. असे किती कागद वाया गेले हे विचारलं की बाई विषय बदलत नाहीत. पलंगाखालचा गठ्ठाच ओढून दाखवतात.

लिनोला सोनं हवंच कशाला, हा प्रश्न त्यांना अनेकांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे. नंदलाल बोसांनी 1930 साली काठी घेऊन निघालेले गांधीजी लिनोवर कोरले, ते काळ्या-पांढऱ्यात. चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीत राहून राबणाऱ्या पोरांचे छाप काढत होते, तेही काळ्या-पांढऱ्यात, आणि त्या पोरांच्या अंगावर सोनं शोभलंही नसतं. उलट तंजावरच्या मराठ्यांच्या दरबारी चित्रांत सोनं खडूच्या उठावदार लेपावर बसतं. तिथे कडेला भिंतच मिळते. लिनोचा छाप सपाट, त्यात सोन्याला टेकायला काही नाही.

बाईंचं उत्तर बोहाड्यातून येतं. लहानपणी त्यांनी टेंभ्याच्या उजेडात मुखवट्यावरचा बेगड पाहिला होता. संबळाच्या ठेक्यावर मान वळली की कपाळ पेटायचं, पुढच्या पावलाला विझायचं. काळी शाई कुठूनही काळीच दिसते. वर्ख मात्र एका बाजूने कागदाहून उजळ आणि दोन पावलं सरकलं की कागदाहून गडद. ती हालचाल त्यांना छापात हवी आहे. आता काही गावांत बोहाडा विजेच्या झगझगाटात होतो, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

लग्नपत्रिकांवरच्या सोनेरी गणपतीबद्दल मात्र त्या रागाने बोलतात. यंत्राचा तापलेला ठसा फॉइल दाबतो, हजारो पत्रिका निघतात. ‘मेलेलं सोनं’ म्हणतात त्याला. पण त्या गणपतीची कड निर्दोष असते. बाईंनी तशी एक पत्रिका भिंगाखाली धरून पाहिली आहे आणि पुस्तकात जपून ठेवली आहे. राग त्या कडेचाच असावा.

या पावसाळ्यात त्यांनी खऱ्या सोन्याच्या वर्खाची एक वही मागवली. पंचवीस पानं, प्रत्येक साधारण आठ सेंटिमीटर चौरस, केसाहून शेकडो पटींनी पातळ. हे सोनं काळं पडणार नाही. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख त्यांनी दिवाळीपलीकडे ढकलली, कारण नवा नरसिंह त्यांना दोन्ही डोळ्यांनी पारखायचा आहे. घरचे नाराज आहेत.

पान ठेवण्याचं काम मात्र त्यांनी त्या मुलीला दिलं. ती आता बारावीत आहे. पंखा बंद, खिडकी लावलेली, पत्र्यावर पाऊस. मुलीने ब्रश गालावरून फिरवला, त्या किंचित तेलकटपणावर पान उचललं आणि नरसिंहाच्या डोळ्यावर आणलं. बाई पाहायला वाकल्या. पानाचा कोपरा थरथरून वर उठला.

‘बाई, श्वास,’ मुलगी हळूच म्हणाली.

बाई दोन पावलं मागे सरल्या.