पान क्रमांक सांगा

सातवीच्या वर्गातला एक मुलगा वर्षभर माझ्या तासाला तोंड उघडत नव्हता. प्रकट वाचनात अडखळायचा, पोरं हसायची, म्हणून त्यानं गप्प राहणंच पत्करलं होतं. एका शनिवारी तो शेवटच्या बाकावरून उठला, ‘श्यामची आई’ उघडून हातात धरली आणि म्हणाला, “बाई, आईनं श्यामला मारलं ते बरोबर नव्हतं. मी पुस्तकातनंच दाखवतो.” मग ओळीवर बोट ठेवून, अक्षराला अक्षर जुळवत त्यानं तो उतारा वाचला. वेळ लागला, पण कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या गटाच्या प्रतीत तेच पान शोधत होते. त्याला उत्तर द्यायचं तर ते पान वाचावंच लागणार होतं.

त्या दिवशीचा प्रश्न साधा होता. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीनं मारते आणि विहिरीवर धाडते. तो उडी मारतो, पोहून घरी येतो आणि तीच आई त्याला मायेनं दही खायला देते. आईचं वागणं योग्य होतं का? निम्मा वर्ग या बाजूला, निम्मा त्या बाजूला. एका मुलीनं विचारलं, “मुलाला लोकांनी भित्रा म्हटलेलं जिला सोसत नाही, तिनं काय करायचं होतं?” पलीकडून उत्तर आलं, “स्वतः विहिरीवर जायचं होतं त्याच्याबरोबर.” मला वाटतं, इतक्या वर्षांत या प्रसंगावर मी स्वतःही एवढा विचार केला नव्हता. मी तो दर वर्षी ‘मातृप्रेम’ या एका शब्दात शिकवून मोकळी होत असे.

असं का होत असे, त्याचं मूळ माझ्या लहानपणात आहे. पाचवीत असताना पाठ्यपुस्तकातल्या एका गोष्टीतला राजा मला अन्यायी वाटला. मी वर्गात तसं म्हणाले. “पुस्तकाला नावं ठेवायची नसतात,” एवढं एकच वाक्य ऐकवून मला खाली बसवण्यात आलं. मी बसले. पुढे कितीतरी वर्षं मी पुस्तकं वाचली ती शहाण्या मुलीसारखी, मान डोलावत. वाचताना आपल्याला काही खटकतं का, हे स्वतःला विचारायची सवय मोडली होती. ती परत लावून घ्यायला मला शिक्षिका व्हावं लागलं.

शाळांमध्ये वादविवाद स्पर्धा होतात. मी अनेकदा परीक्षक म्हणून बसले आहे. विषय बहुधा ‘मोबाइल शाप की वरदान’. भाषण वडिलांनी किंवा सरांनी लिहून दिलेलं, हातवारे बसवलेले. आठवण दगा देते त्या क्षणी त्या चिमुकल्या चेहऱ्यावर जे भय दाटतं, ते बघवत नाही. पाठ केलेल्या भाषणानं मुलाचा धीटपणा वाढत असेल, पण वाचन वाढत नाही. ज्याला मत सांगायचं आहे ते मूल मुळात एका गोष्टीपाशी, एका माणसापाशी थांबलेलं असावं लागतं. म्हणून मी विषय सोडून दिले आणि पुस्तक घेतलं. एक पुस्तक, एक प्रश्न आणि शनिवारचा शेवटचा तास.

पहिले दोन-तीन शनिवार नुसता गोंगाट झाला. “मला वाटतं,” असं म्हणून जो तो सुटायचा. तेव्हा मी फळ्यावर लिहिलं : पान क्रमांक सांगा. ज्याला पान सांगता येत नाही त्यानं आधी शोधावं, मग बोलावं. या एका अटीनं चित्र पालटलं. पुढच्या आठवड्यात मुलांच्या प्रतींतून एसटीची तिकिटं, मोरपिसं, चॉकलेटचे कागद डोकावू लागले. सगळ्या खुणाच. एका मुलीनं पानात सुतळीचे तुकडे ठेवले होते. आपल्या बाजूच्या पुराव्याला गाठ मारलेला तुकडा, विरुद्ध बाजूच्या पुराव्याला साधा. विरुद्ध बाजूच्या खुणा कशाला, विचारलं तर म्हणाली, “ते काय म्हणणार ते आधी कळायला नको का, बाई?”

आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत नेमकी हीच रीत होती. पूर्वपक्ष आधी नीट मांडायचा, समोरच्यालाही मान्य होईल असा, आणि मगच आपलं उत्तर द्यायचं. त्या मुलीला पूर्वपक्ष हा शब्द ठाऊक नव्हता. मी तो वर्गाला सांगितला आणि तेव्हापासून नेमच केला. आधीच्या मुलाचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, “हेच म्हणालास ना?” असं विचारायचं आणि त्यानं मान हलवली तर पुढे बोलायचं. वाद घालणारी माणसं एकमेकांची वैरी असतात, असं मुलांना टीव्हीवरून वाटू लागलं आहे. त्यांना मी टिळक-आगरकर सांगते. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात दोघे १०१ दिवस बरोबर होते आणि तिथेही त्यांचे वाद चालत. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, कटुताही आली, तेही सांगते. मुलांपासून काही लपवू नये.

बक्षीस मात्र ठेवलं नाही. बक्षीस आलं की बाजू आली आणि बाजू आली की मत बदलायची लाज वाटू लागते. आमच्या तासाला मध्येच उठून समोरच्या बाकावर जाऊन बसायची मुभा होती. श्यामच्या पोहण्यावर वाद झाला त्या शनिवारी नऊ मुलं उठून पलीकडे गेली आणि त्यांतली दोन परत आली.

एका मुलाचे वडील तक्रार घेऊन आले. म्हणाले, “बाई, आईला चूक ठरवायला शिकवता तुम्ही पोरांना?” त्यांचा राग मला समजत होता, कारण त्यांच्या मनात त्या पुस्तकाची जागा देवघराशेजारी होती. मी त्यांना बसवलं आणि सांगितलं की हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्याआधी अमळनेरला ते शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. या पुस्तकातही श्याम एकटा बोलत नाही. आश्रमातली मित्रमंडळी रात्री जमतात, ऐकतात, मध्ये विचारतात, नंतर आपसांत बोलतात. अशा बेचाळीस रात्री आहेत. गुरुजींनी ऐकणारेसुद्धा जागे ठेवले आहेत. ते गृहस्थ एक प्रत घरी घेऊन गेले. महिन्यानं परत केली तेव्हा म्हणाले, मुलगा आणि मी दोघांनी मिळून वाचली.

प्रती कुठून आणायच्या, हा प्रश्न प्रत्येक शिक्षक विचारतो आणि तो खरा आहे. चौतीस मुलांना एक प्रत पुरत नाही. साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तकावरचा स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे २०११पासून ‘श्यामची आई’ कुणालाही छापता येते आणि तिच्या स्वस्त आवृत्त्या मिळतात. आम्ही सहा प्रतींवर सुरुवात केली. पाच-सहा जणांचा गट, एक वाचणार, बाकीचे ऐकणार. मात्र आवृत्ती एकच घ्यावी, नाहीतर पान क्रमांक जुळत नाहीत. हे मी अनुभवानं सांगते.

पुढच्या वर्षी आठवीला ‘बनगरवाडी’ घेतली. व्यंकटेश माडगूळकरांच्या या कादंबरीतला तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवतो आणि गावाला कामाला लावून तालीम बांधून घेतो. तालीम बांधणं हे शिक्षकाचं काम आहे का, असा प्रश्न ठेवला. शहाणी मुलं पटापट बोलली. ज्याच्या घरची मेंढरं दर दिवाळीनंतर चरायला बाहेर पडतात, असा एक मुलगा मात्र बराच वेळ ऐकत होता. शेवटी म्हणाला, “दुष्काळात वाडी उठून गेली. मग ती तालीम कुणासाठी राहिली?” जरा थांबून म्हणाला, “पण बांधली नसती तर पोरांना माघारी यावंसं वाटायला काय होतं तिथं?” त्यानं एकट्यानंच दोन्ही बाजू मांडल्या होत्या. पान क्रमांक विचारायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. तास संपल्यावर त्यानं स्वतःहून येऊन सांगितला.

२०१५पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, आपण वाचन प्रेरणा दिन पाळतो. तो पाळावा. पण दुसऱ्या दिवशी पुस्तकं पुन्हा कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागतं. पुस्तक जडसंग्रह नोंदवहीत चढलेलं असतं. हरवलं तर भरून द्यावं लागेल, या भीतीनं बिचारे ग्रंथपाल ते हातातून सोडत नाहीत. आमच्या सहा प्रतींपैकी एक हरवली आणि दोन प्रतींची बांधणी सुटली. विहिरीच्या प्रसंगाची पानं तर इतकी हाताळली गेली की ती खळीनं चिकटवावी लागली. मुख्याध्यापकांनी नोंदवहीत ‘वापराने जीर्ण’ असा शेरा मारून सही केली. कुणाला काही भरून द्यावं लागलं नाही.

तुमचं मूल ज्या शाळेत जातं, तिथल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, ते या आठवड्यात जाऊन विचारा. आणि शनिवारचा एक तास मागून घ्या.