पंधरा मिलिमीटर

असोदा म्हटलं की कोणाला बहिणाबाई चौधरी आठवतात, कोणाला भरताची वांगी. मला मात्र काकांची पिकअप आठवते आणि मान खाली जाते.

परतीच्या पावसात आमच्या शिवाररस्त्याला चाकोऱ्या इतक्या खोल पडतात की मधला उंचवटा गाडीच्या डिफरन्शिअलला घासतो. काकांनी पुढे-मागे कमानीत एकेक पाटा वाढवून गाडी दोन इंच उचलली होती. तरी घासायचंच. सुट्टीत मी रुबाबात सांगितलं, "काका, पाटा वाढवून बॉडी वर जाते, अ‍ॅक्सल तिथेच राहतो. तो वर न्यायचा तर टायरच मोठा पाहिजे."

एवढं बरोबर होतं. वहीत हिशोब केला. 215/75 आर 15 चा व्यास साधारण 704 मिमी, 235/75 आर 15 चा 734. फरक 30, म्हणजे अ‍ॅक्सल 15 मिमी वर. टायरवर पाट्यांमुळे 50 मिमी जागा वाढलेली, त्यातली 15 गेली तरी 35 शिल्लक! काकांनी वांग्याची आलेली पट्टी टायरांत घातली.

तिसऱ्या दिवशी पहाटे वांगी भरून आम्ही जळगाव मार्केटला निघालो. वळणावर काकांनी स्टिअरिंग पूर्ण कापलं, डावं चाक दगडावर चढलं आणि खर्रर्र आवाज आला. "चिखल असेल," मी म्हटलं. अशी आणखी दोन-तीन वळणं झाली आणि टायरच्या कडेला चीर पडून हवा गेली. स्टेपनी लावून पोचेपर्यंत लिलाव आटोपला होता. काका मला एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

गावातल्या फिटरने मडगार्डला हात लावून विचारलं, "का रे भो, गाडी वर गेली ना? मग मागे-पुढे पण सरकली का?"

उत्तर त्यातच होतं. पाट्याने टायरच्या वरची जागा वाढते, मागची-पुढची नाही. चाक पूर्ण वळलं की त्याची कड मडगार्डच्या पत्र्याकडे जाते, आणि नवा टायर त्रिज्येत 15 मिमी मोठा, शिवाय प्रत्येक बाजूला 10 मिमी रुंद. वर माल आणि खाली दगड. मी मोजलं होतं ते रिकाम्या, सरळ उभ्या गाडीवर.

त्याने तपासायची पद्धत दाखवली. टायरच्या कडांना ओला चुना फासायचा, गाडी भरायची, एक चाक ठोकळ्यावर चढवायचं आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवायचं. मग दुसरं चाक. पत्र्यावर पांढरं उमटलं तिथे घासतं.

उपाय होते, पण प्रत्येकाची किंमत होती. स्टिअरिंगचा स्टॉपर-बोल्ट वाढवला की चाक कमी वळतं, मग बांधावर गाडी फिरणार कशी? स्पेसरने चाक बाहेर काढलं तर आत पाट्याला लागत नाही, पण बाहेरची कड पत्र्याला आणखी लागते आणि बेअरिंगवर ताण येतो. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीत मनमानी बदल करू देत नाही. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडू शकतो.

शेवटी जुन्याच मापाचे, खोल नक्षीचे टायर लावले आणि चाकोऱ्यांत मुरूम भरला. डिफरन्शिअल घासायचं थांबलं ते त्या मुरुमाने.

आता वर्गात सर 'क्लिअरन्स' म्हणाले की मी मनात विचारतो, कुठला? रिकाम्या गाडीचा की भरलेल्या?